लाईट गेली नव्हती, अप्पा

अप्पा, तुमच्याबद्दल मी लिहावं की नाही, हे ठरवायला मला बरेच दिवस लागले. औशात तुम्हाला तीस वर्षं ओळखणारी माणसं आहेत. त्यांनी तुमच्याकडून रेडिओ दुरुस्त करून नेलेत, आयुष्यातला पहिला ऑनलाईन अर्ज तुमच्या दुकानात भरलाय. मी तुम्हाला समोरासमोर फक्त दोनदा भेटलो. बाकी सगळी ओळख आपल्या ग्रुपवरची, म्हणजे लिहिलेल्या शब्दांची. शिवाय आमच्या घरात अर्जापेक्षा मोठं काही कुणी लिहिलेलं नाही, आणि मीही परीक्षेच्या पेपराबाहेर फारसं लिहीत नाही. म्हणून हे धाडस करण्याआधी माफी मागतो. भोकरच्या रईसभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, "तूच लिख. अप्पाचं सगळ्यात लंबं भांडण तुझ्यासंगं झालं. दुसरा कोण लिहिणार?" हे कारण मला पटलं.

आपला ग्रुप तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली आपण काही माणसं संगणकावर मोकळी सिस्टीम वापरतो. मोकळी हा तुमचाच शब्द. तिचा कुणी एक मालक नाही. ती कुणीही उघडून पाहावी, दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी. ग्रुपवर उदगीरचे बियाणांचे दुकानदार आहेत, देगलूरच्या एक शिक्षिका आहेत, मोबाईल दुरुस्त करणारे रईसभाई आहेत आणि माझ्यासारखे विद्यार्थी आहेत. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या पडद्यावर अक्षरं तुटली, की तो विचारतो आणि ज्याला जमेल तो सांगतो. हुकूम कुणाचाच चालत नाही. वाद मात्र रोज असतो.

माझा पहिला मेसेज मला अजून आठवतो. "नेट चालत नाही. अर्जंट. कोणीतरी सांगा." पाच मिनिटांत तुम्ही लिहिलंत: "सांगतो. आधी तीन गोष्टी लिहा. काय केलं. काय व्हायला पाहिजे होतं. काय झालं. 'चालत न्हाई' हा प्रश्न न्हाई, हे रडणं हाय." मला राग आला. हा कोण अप्पा, मनात म्हणालो, मला कॉलेजात संगणकशास्त्र शिकवायला प्राध्यापक आहेत. तरी लिहायला बसलो. तिसरी गोष्ट लिहिता लिहिता माझ्याच लक्षात आलं की मी पासवर्ड चुकीचा टाकत होतो. लाजून गप्प बसलो. तर तुमचा दुसरा मेसेज: "सुटलं असंल तर कसं सुटलं ते बी लिहा. उद्या दुसरं कुणी हितंच अडकंल." मी लिहिलं, की पासवर्ड चुकला होता. कुणीही हसलं नाही. देगलूरच्या बाईंनी लिहिलं, माझंही गेल्या आठवड्यात हेच झालं होतं.

वर्गात चूक झाली की मान खाली घालायची असते, एवढंच मला तोवर माहीत होतं. चूक नीट लिहून ठेवली तर ती दुसऱ्याच्या कामी येते, हे मला तुमच्या ग्रुपवर कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होतो, जळकोटकडं. तुम्ही काहीतरी विचारायला वडिलांच्या फोनवर फोन केलात. मी बाहेर होतो. मी परत आलो तर वडील ओट्यावर बसून माझ्याकडं नुसते बघत होते. म्हणाले, "औशाचे कोण अप्पा हायत? म्हणले, तुमचं लेकरू लई नीट विचार करतंय." माझे वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला जातात. मी नांदेडला काय शिकतो हे मी त्यांना चार-पाचदा सांगितलं होतं आणि दर वेळी त्यांनी "बरं" म्हटलं होतं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "म्हणजे नेमकं काय करतूस रे तू?" मी अर्धा तास सांगत होतो. तुमच्या त्या एका फोनचे आभार मी कधीच मानले नाहीत. आता मानतो.

पण मला लिहायचंय ते त्या दोषाबद्दल, अप्पा. ज्याच्यावरून आपण भांडलो.

तुमच्या दुकानात तीन संगणक. लाईट गेली की ते इन्व्हर्टरवर चालू राहायचे, पण नेटचा डबा, म्हणजे राउटर, बंद पडायचा, कारण तो इन्व्हर्टरला जोडलेला नव्हता. लाईट परत आली की डब्याचे हिरवे दिवे लागायचे, आणि संगणकाला मात्र नेट मिळायचं नाही. पूर्ण बंद करून परत चालू केला तरच मिळायचं. दिवसातून चार-पाचदा हे व्हायचं. शिष्यवृत्तीचा, पीकविम्याचा अर्ज भरायला आलेली माणसं दारात उभी, आणि तुम्ही यंत्र बंद-चालू करताय. ग्रुपवर आणखी तिघांचं असंच होत होतं. सगळ्यांचं म्हणणं एकच, की व्होल्टेजचा घोळ आहे. रईसभाईंनी लिहिलं, "अप्पा, सिस्टीम बदलू नका, औशाची लाईट बदला." तुम्ही लिहिलंत: "औशाची लाईट खराब हाय, मान्य. पण हा दोष तिचा न्हाई. उगं कुणाच्या बी डोक्यावर काय बी फोडू नका."

तुम्ही रेघांच्या कागदाची दोन पानं भरून तक्रार लिहिलीत. काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. लाईटचं नाव नाही, डबा बंद होऊन परत लागला की काय होतं, एवढंच. आपल्या ग्रुपची रीतच अशी होती, की तक्रार आधी मराठीत सगळ्यांनी वाचायची, मग ज्याचं इंग्रजी बरं असेल त्याने ती इंग्रजीत करून सिस्टीम बनवणाऱ्या परदेशातल्या लोकांकडे धाडायची. तुम्ही लिहिलंत, "दत्ताराव करतील." दत्ताराव म्हणजे मी. मला कोण आनंद झाला. मी मराठी शाळेतून आलेला, वर्गात इंग्रजी बोलायची वेळ आली की मागच्या बाकावर सरकणारा. शब्दकोश घेऊन बसलो. दोन दिवस लावून तक्रार इंग्रजीत केली. आणि शेवटी तुमच्या दोन पानांत नसलेलं एक वाक्य माझ्या मनाने घातलं.

ते वाक्य असं होतं: आम्ही ग्रामीण, मागास भागातले आहोत आणि इथली वीज फार वाईट आहे, त्यामुळे कदाचित हे होत असावं.

का घातलं? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. कॉलेजच्या पहिल्या वर्षी कुणी गाव विचारलं की मी गावाचं नाव सांगून लगेच पाठोपाठ काहीतरी कमीपणाचं बोलायचो. दुसऱ्याने हसायच्या आधी आपणच हसून घेतलेलं बरं, असं वाटायचं. तीच सवय त्या वाक्यात उतरली. एवढ्या मोठ्या इंजिनिअर लोकांना आपण सांगतोय की तुमची चूक आहे, तर थोडं वाकून सांगावं, असं मला वाटलं. तुम्ही वाकला नव्हतात. तुमच्या वतीने मी वाकलो.

दोन दिवसांत उत्तर आलं. बहुधा वीजपुरवठ्याचा प्रश्न दिसतो, आमच्या बाजूने करण्यासारखं काही नाही. तक्रार बंद.

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, की त्यांना लाईटचा दोष वाटतोय. तुम्ही विचारलंत, "त्यांना कसं कळलं आपल्या लाईटचं? मी तर लिहिलं नव्हतं." मी लिहिलं, "अंदाज केला असेल."

मग मी एक युक्ती केली. नेट गेलंय का हे दर मिनिटाला तपासून संगणकातल्या नेटच्या कार्डाला आपोआप उठवणारा छोटासा प्रोग्राम लिहिला. तो चालला. ज्यांना ज्यांना त्रास होता त्यांनी तो लावला, माझं कौतुक झालं. मला वाटलं, चला, माझ्या वाक्याची भरपाई झाली. एकटे तुम्ही तो लावायला तयार नव्हता. तुमचं म्हणणं, हे ठिगळ आहे, आणि सगळ्यांनी ठिगळ लावून घेतलं की फाटलंय हे सांगायला कुणी उरणार नाही. माझं म्हणणं, दारात माणसं उभी आहेत, त्यांना तुमच्या तत्त्वाशी काय करायचंय. आठवडाभर आपण भांडलो. मी लिहिलं, "अप्पा, तुमचा हट्ट लोकांना ताटकळत ठेवतोय." तुम्ही लिहिलंत, "हाव. आन तुमचं ठिगळ लोकांना गप ठेवतंय." उदगीरच्या भाऊंनी मध्ये पडून लिहिलं, "दोघं बी जेवण करून या." तुम्ही लिहिलंत, "मी जेवूनच भांडायलोय."

आणि दुसऱ्या दिवशी मला एकट्याला मेसेज: "रविवारी ये. दाखवतो."

नांदेडहून लातूर आणि तिथून औसा, अशा दोन एसटी बदलून मी दुपारी दुकानात पोचलो. पहिल्यांदा आपण लातूरच्या बैठकीत भेटलो होतो, पण तिथं गर्दी होती. दुकानात तुम्ही वेगळे दिसलात. कपाळाला विभूती, चष्मा दोरीने गळ्यात, आणि मागच्या फळीवर अजून दोन जुने रेडिओ उघडे. गौरीताई, तुमची मुलगी, पलीकडच्या संगणकावर एका आजीबाईंचा अर्ज भरत होती. तुम्ही मला बसायलाही सांगितलं नाही. म्हणालात, "वर बघ. पंखा फिरतोय का?"

"फिरतोय."

"म्हणजे लाईट हाय. डब्याचा दिवा?"

"हिरवा आहे."

"आता बघ." तुम्ही संगणकाच्या पाठीमागून नेटची केबल हाताने उपटलीत आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत राहिलात. पाच सेकंदांनी परत खोचली. नेट आलं. मग आठ सेकंद. आलं. अकरा. आलं. मग बारा सेकंद धरलं आणि खोचली. नेट आलं नाही. पंखा फिरत होता, डब्याचा दिवा हिरवा होता, आणि संगणक मेल्यासारखा.

आजीबाई म्हणाल्या, "अप्पा, कामून उपटायलाव सारखं? पोरीला काम करू द्या की."

"बाई, दोन मिनिटं थांबा. हे पोरगं कॉलेजातून आलंय, त्याला पंखा दाखवायलोय."

मी हसलो नाही, अप्पा. एवढी सोपी गोष्ट. लाईट गेली की डबा बंद, डबा बंद म्हणजे केबलमधला आवाज बंद, आणि बारा सेकंद केबल गप्प राहिली की संगणक पुन्हा तिचं ऐकतच नाही. लाईट जायची गरजच नव्हती. ग्रुपमधल्या एवढ्या माणसांपैकी एकालाही केबल उपटून बघावंसं वाटलं नव्हतं, कारण आपल्या भागात काही बिघडलं की लाईटचं नाव घ्यायचं, हे आपल्या अंगवळणी पडलंय. एकट्या तुमच्या ते अंगवळणी पडलं नव्हतं.

दुपारभर आपण मोजत बसलो. तिन्ही संगणक, दोन वेगवेगळ्या केबली. मी मोजायचं, तुम्ही वहीत मांडायचं. घरातून धपाटे आणि दही आलं, ते तुम्ही एका हाताने खाल्लंत. निघताना वहीची पानं मला दिलीत आणि म्हणालात, "आता हे इंग्रजीत कर. ह्या बारीला आपलं गाव, आपली लाईट, काही घालू नको. जे बघितलं तेवढंच घाल."

मी मान खाली घालून "हो" म्हणालो. तुम्हाला कळलंय का, हे विचारायचं धाडस झालं नाही. स्टॅंडपर्यंत सोडायला आलात तेव्हा मी उगाच जुना वाद काढला. "तोवर तरी माझा प्रोग्राम लावा की, अप्पा." तुम्ही म्हणालात, "तू आधी हे धाड. मग बोलू."

मी धाडलं नाही. परीक्षा होती, प्रॅक्टिकल होतं. खरं सांगायचं तर नवी तक्रार लिहायची म्हणजे जुनं वाक्य खोडायचं, आणि ते खोडायचं म्हणजे ते मी घातलं होतं हे सगळ्यांसमोर सांगायचं. महिना गेला. तुम्ही एकदाही आठवण केली नाहीत. तुम्ही रागावला असतात तर मी लवकर धाडलं असतं. आणि मग गौरीताईने ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या, की अप्पा पहाटे गेले.

चौथ्या दिवशी मी औशाला आलो. तुम्हाला शेतात समाधी दिली होती, लिंगायतांच्या रीतीप्रमाणे बसतं ठेवून, असं गौरीताईने सांगितलं. दुकान उघडं होतं. ती म्हणाली, "अर्जांची शेवटची तारीख हाय. बंद ठेवलं असतं तर अप्पाच ओरडले असते." मग म्हणाली, "तुमचं ते ठिगळ मी लावलंय, बरं का. तिन्ही मशीनवर. एकटीला बंद-चालू करत बसणं होत न्हाई." म्हणजे वाद मी जिंकलो होतो. इतकं वाईट जिंकणं माझ्या वाट्याला आधी कधी आलं नव्हतं.

मग मी तिला ते वाक्य सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

ती म्हणाली, "माहीत हाय मला. तक्रार बंद झाली त्या दिवशीच अप्पांनी मला ते इंग्रजी नेटवर उघडून वाचून दाखवायला लावलं. ते वाक्य दोनदा वाचायला लावलं."

"काय म्हणाले?"

"म्हणले, पोरगं भेलंय. राहू दे, ग्रुपवर बोलू नको. त्याला हितं बोलावतो."

अप्पा, तुम्ही ग्रुपमधल्या प्रत्येकाची चूक सगळ्यांसमोर लिहायला लावायचात. माझी एकट्याची झाकून ठेवलीत. ते बरोबर होतं का, यावर मला तुमच्याशी भांडायचं होतं. तुमच्याच नियमाने मला तेव्हाच लिहायला लावायला पाहिजे होतं, असं मी म्हणालो असतो. तुम्ही काय म्हणाला असतात, हे मला सुचत नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त खुपतं.

नांदेडला परतल्यावर दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लॅबमध्ये बसलो आणि लिहिलं. या वेळी शब्दकोश फारसा लागला नाही. काय केलं: केबल काढली, बारा सेकंद थांबलो, परत लावली. काय व्हायला पाहिजे होतं: नेट यायला. काय झालं: आलं नाही. वीजपुरवठा पूर्ण वेळ सुरू होता. खाली तुमच्या वहीतला तक्ता. त्याखाली लिहिलं, की आधीच्या तक्रारीतलं विजेबद्दलचं वाक्य हे निरीक्षण नव्हतं. ते तक्रारदाराचं नव्हतं, माझं होतं. मी ते न तपासता, आपल्या भागाची लाज वाटून घातलं होतं. ते काढून टाकावं आणि तक्रार पुन्हा उघडावी.

मग तेच मराठीत ग्रुपवर लिहिलं. पहिलं उत्तर रईसभाईंचं आलं: "हमको तो तभीच शक आया था. आता पुढं काय करायचं ते बोल." आणि देगलूरच्या बाईंनी विचारलं, की आम्हीही आमच्याकडं केबल काढून बघू का. त्या संध्याकाळी पाच गावांत माणसं घड्याळ घेऊन केबली उपटत होती. कुणाचं दहाला गेलं, कुणाचं बाराला, ज्याचं कार्ड वेगळं होतं त्याचं गेलंच नाही. सगळ्यांनी तीन-तीन ओळींत नीट लिहिलं. "चालत न्हाई" असं एकानेही लिहिलं नाही. मी ते एकत्र करून धाडत होतो आणि मला इतका अभिमान वाटत होता, की मधे उठून लॅबच्या बाहेर दोन चकरा मारून यावं लागलं. या माणसांतला मी एक आहे, हे आता मी कुणालाही गावाच्या नावासकट सांगतो आणि पुढे काही जोडत नाही.

पहिले काही दिवस उत्तर आलं नाही. मग एका बाईंचं आलं, फार दूरच्या, थंडीच्या देशातून. त्यांनी लिहिलं, की आमच्याकडं वीज गेल्याचं मला आठवतसुद्धा नाही, पण माझ्या टेबलावर हेच कार्ड आहे. मी केबल काढली, बारा मोजले, परत लावली. माझंही नेट गेलं. तक्रार उघडत आहे. पुढं त्यांनी कारण शोधलं. केबल गप्प झाली की कार्ड वीज वाचवायला झोपतं, ते ठीक. पण केबल परत बोलू लागली की त्याने जागं व्हायला हवं, त्याचीच ओळ सिस्टीममध्ये चुकली होती. त्यांनी दुरुस्ती पाठवली आणि कुणीतरी जुन्या यंत्रावर तपासावी असं लिहिलं. गौरीताईने तुमच्या मधल्या संगणकावरून माझं ठिगळ काढलं, दुरुस्ती घातली, आणि गिऱ्हाईकांना थांबवून तीस सेकंद, मग एक मिनिट, मग पाच मिनिटं केबल काढून ठेवली. दर वेळी नेट आलं.

त्यांच्यात एक पद्धत आहे, हे मला माहीत नव्हतं. दुरुस्ती स्वीकारली की तिच्या खाली ती कुणामुळे झाली त्यांची नावं लिहितात, आणि ती कायम सिस्टीमसोबत राहतात, ती जिथे जिथे जाईल तिथे. त्या बाईंनी मला विचारलं, मूळ तक्रारदाराचं नाव काय लिहू. मी कळवलं.

तुमचा पत्ता तिथं नव्हता, तक्रार माझ्या पत्त्यावरून गेलेली, म्हणून काल दुपारी तो मेल मला आला. दुरुस्ती स्वीकारली आहे, पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना मिळेल. आणि खाली दोन ओळी.

दोष कळवणारे: महालिंगअप्पा, औसा.

तपासून पाहणाऱ्या: गौरी, औसा.